बेळगावातलं जुन्या पितळेचं दुकान: खलबत्ता जरूर घ्या, पॉलिशला मात्र देऊ नका

दुकानाचं नाव विचारू नका, दुकानाला पाटीच नाही. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, अण्णांनी पाटीच लावली नाही, भानगडच नको. रविवार पेठेकडून आत शिरायचं आणि कुणालाही "जुनं पितळ घेणारे अण्णा" म्हणून विचारायचं, एक जण मराठीत सांगेल, एक जण कानडीत, बोटं दोघांची एकाच दिशेला. पार्किंग नाही. स्कूटी असली तर ठीक, कार घेऊन गेलात तर तुमचं नशीब.

मी खानापूरची, आमचं मेडिकल दुकान आहे. डिप्लोमाला असताना लॅबमध्ये प्रत्येकाच्या टेबलावर एक पांढरा चिनी मातीचा खलबत्ता असायचा आणि त्यात पावडरी घोटून घोटून मनगट जायचं, सर ओरडायचे, "कुटू नका, घोटा!" कुटणं वेगळं आणि घोटणं वेगळं हे तिथं डोक्यात बसलं आणि खलबत्त्याचं खूळ पण तिथूनच लागलं. आज घरात अकरा आहेत. नवरा म्हणतो बारावा आला की तेरावा मी, मला पण कुठंतरी फळीवर ठेव.

तर बारावा आणायला कारण मिळालं ते सासूबाईंचं. वय ८२, दात सगळे गेले पण पान काही सुटलं नाही, त्यामुळं पान कुटून द्यावं लागतं. मी शहाणपणा करून ऑनलाइन स्टीलचा मागवला होता, दिसायला गोंडस, पण वजनच नाही त्याला, सुपारीवर घाव घातला की खल एकीकडं, सुपारी दुसरीकडं, आणि तो टणटण आवाज दुपारी तीन वाजता ऐकायचा म्हणजे डोकंच उठतं. पानाचा खलबत्ता मसाल्याच्या खलबत्त्यासारखा नसतो, तो उभट, अरुंद तोंडाचा आणि बूड जड असा लागतो, कानडीत त्याला कुट्टाणी म्हणतात. नवीन बाजारात तसला मिळेनासा झालाय म्हणून अण्णांकडं.

दुकान दीड खणाचं असेल. उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत समया, हंडे, घंगाळी, तपेली, अडकित्ते, पानपुडे, एका कोपऱ्यात बिनकाट्याचं घड्याळ. बाहेर पावसात दगडी पाटे-वरवंटे आणि दोन उखळं भिजत पडलेली, ती म्हणे आता रिसॉर्टवाले आणि टिळकवाडीतले बंगलेवाले घेऊन जातात, त्यात पाणी घालून फुलं सोडायला. पाट्याला टाकी लावून देणारा माणूस पण आता दारावर येत नाही, मग फुलंच सोडा म्हणा. अण्णा गादीवरूनच म्हणाले, "बर्री अक्का, काय बगुलालासा?" एवढ्या वाक्यात अर्धी कानडी आणि अर्धी मराठी, हा आमच्याकडचा हिशोब.

खलबत्ते बघायचेत म्हटल्यावर अण्णांनी पोराला माळ्यावर चढवलं आणि खाली एकेक करत सतरा-अठरा नग मांडले. मी खरंच सांगते, असा साठा मी कोल्हापुरात पण बघितला नाही.

सगळ्यात जास्त बिडाचे, काळे, जाड, नक्षी म्हणून काठाला एखादी रेघ. ३५० ते ५०० मध्ये मिळतात आणि मिरी-लवंग कुटायला याच्याइतकं प्रामाणिक भांडं नाही, पण ते बघायला कोणी रिव्ह्यू वाचत नाही म्हणून पुढं जाते.

पितळेच्यात मजा आहे. आमच्या भागात जास्त दिसतो तो डमरूचा घाट, वर तोंड रुंद, मधी कंबर बारीक, खाली परत पसरलेलं बूड. कंबरेवर दोन किंवा तीन कंगोरे असतात, लोक म्हणतात शोभेला, पण डाव्या हातानं खल धरून बघा म्हणजे कळेल, बोटं बरोबर त्या कंगोऱ्याखाली अडकतात, खल नाचत नाही. तोंड बाहेर वळवलेलं असतं ते कुटलेलं अंगावर उडू नये म्हणून. बत्त्याच्या मधोमध मण्यांसारखे दोन-तीन फुगवटे, तिथं मूठ बसते, एक टोक जाड ते कुटायला आणि दुसरं बारीक ते कोपऱ्यातलं खरवडायला. म्हणजे ज्याला आपण डिझाइन म्हणतो त्यातलं अर्धं कामाचं निघतं. उरलेलं अर्धं मात्र निव्वळ हौस. एका खलाच्या बुडाला गोल फिरून कमळाच्या पाकळ्या होत्या, प्रत्येक पाकळीच्या मधी एक शीर छिन्नीनं ओढलेली, आणि बत्त्याच्या टोकाला मिटलेली कमळकळी. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, १२०४ सालचं छतातलं दगडी कमळ आहे ना, तेच आठवलं. तसा दोन्हीचा काही संबंध नाही, पण आमच्याकडं लहानपणापासून कमळ म्हटलं की मान वरच जाते.

हे सगळं ओतीव काम, लक्षात ठेवा. तांबट ठोकून घडवतो ते हंडे आणि घागरी. खलबत्ता ठोकून केला तर पहिल्याच हळकुंडाला पोचा पडेल, त्यामुळं तो साच्यात ओतलेलाच हवा आणि नंतर लेथवर फिरवून किंवा छिन्नीनं त्यावर काम केलेलं. साच्यातून आलेली नक्षी कडेला गोलसर, थोडी झोपलेली असते. छिन्नीची असेल तर नख लावल्यावर लागतं, आणि दोन पाकळ्या कधी सारख्या नसतात. हाच फरक पुढं रडवणार आहे, सांगते.

दोन कांशाचे पण होते, अण्णांनी नखानं टिचकी मारून वाजवून दाखवले, देवळातल्या घंटेसारखा आवाज कितीतरी वेळ. कांसं म्हणजे साधारण चार भाग तांब्याला एक भाग कथिल, आवाज गोड पण स्वभाव तापट, खाली पडलं की तडा. त्यातला एक वाजवल्यावर फुटक्या मडक्यासारखा वाजला तर अण्णांनी स्वतःच बाजूला ठेवला, म्हणाले, "ह्यो नको, आतनं चिरलाय." याला पाचपैकी पाच.

आता दुकानातल्या मुलाबद्दल. मुलगा बोलायला गोड आहे पण प्रत्येक वस्तूला एक राजा चिकटवतो. एक काळा खलबत्ता पुढं केला, "अक्का, बिदरी आहे." मी म्हटलं, बाबा, बिदरी म्हणजे जस्त जास्त आणि तांबं थोडं, त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं काळं करतात, हुक्का, पानदान असल्या वस्तू करतात त्याच्या, त्यात कोण लसूण कुटतंय? नख घासलं तर खाली पितळ. ऑइलपेंट होता.

मग दुसरा, आठ बाजूंचा, अंगावर थेंबासारखे उंचवटे उठवलेले आणि मधून वेलांट्या, हा म्हणे मुघलांचा. असला घाट खरा आहे बरं का, पण मुघलांच्या कितीतरी आधीचा, इराणच्या खुरासानकडं बाराव्या-तेराव्या शतकात असे आठ बाजूंचे, थेंबाच्या उंचवट्यांचे, अरबी अक्षरांच्या पट्ट्या असलेले ब्राँझचे खलबत्ते होत होते, मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. हा मात्र बहुतेक मुरादाबादकडचा नवीन माल असावा. कशावरून? आत बॅटरी मारून बघितली तर लेथच्या गोल रेघा जशाच्या तशा. शंभर वर्षं कुटलं असतं तर तळ गुळगुळीत होऊन एका बाजूला थोडा जास्त खोल गेला असता, कारण माणूस कधी बरोबर मध्यावर कुटत नाही, आपापल्या हाताच्या बाजूला कुटतो. आणि हिरवा गंज फक्त बाहेरून, जिथं ब्रश पोचतो तिथंच. मी हसले, मुलगा पण हसला, म्हणाला, "मुंबईवाले घेत्यात की ओ." घेऊंदेत, त्याचं उखळ पांढरं होतंय तर आपल्याला काय.

तिसरा मात्र मला अजून झोपेत दिसतो. गोव्याच्या एका जुन्या घरातून आलेला, असं अण्णा म्हणाले, पोरगा नाही, म्हणून मी विश्वास ठेवते. जड, कडेवर घ्यायला नको वाटेल एवढा, दोन बाजूंना दोन कान आणि अंगावर उभ्या जाड बरगड्या. पोरगा म्हणाला तोफेसारखा दिसतो, आणि चुकीचं नाही बोलला, आखूड पोटाची आणि तोंड वर करून डागायची ती उखळी तोफच की, इंग्रजीत पण दोघांना एकच शब्द, मॉर्टर. असल्या उभ्या बरगड्या स्पेनकडच्या जुन्या खलबत्त्यांवर असतात. युरोपात हे काम बऱ्याचदा चर्चच्या घंटा ओतणारेच करायचे, त्यामुळं घाट पण उलट्या ठेवलेल्या घंटेचा आणि अंगावर घंटेवर असते तशी अक्षरांची पट्टी. हॉलंड-बेल्जियमकडच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या खलबत्त्यांवर तर साल आणि 'प्रेम सगळ्यांना जिंकतं' अशा अर्थाची लॅटिन ओळ असायची. औषध कुटायच्या भांड्यावर प्रेमाची ओळ! मग पुढं धातूला आंबट औषधं चालेनात, तेव्हा इंग्लंडात वेजवुड नावाच्या कुंभारानं १७७९ च्या सुमारास कडक, न झिरपणाऱ्या मातीचे खलबत्ते काढले, बत्त्याला लाकडी मूठ, अंगावर नक्षी शून्य. माझ्या लॅबमधला पांढरा तो त्याच वंशातला. कामाला उत्तम, पण त्याच्यावर कुणी प्रेमाची ओळ लिहिली नाही.

त्या गोव्याच्याची किंमत २२ हजार सांगितली. मी हात लावला, उचलायचा प्रयत्न केला आणि ठेवला. सांगलीकडचा एक माणूस येऊन बघून गेलाय म्हणे.

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी याच दुकानात मी आईचा खलबत्ता पॉलिशला दिला होता. आईला तो तिच्या आजीकडून आलेला, डमरू घाटाचा, बुडाला छिन्नीच्या पाकळ्या आणि पोटावर ठोक्याठोक्यानं नाव घातलेलं. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत होती ना, लग्नात कुणी दिलं, कधी दिलं, सगळं बारीक ठिपक्यांत. काळा पडलेला म्हणून दिला, वाटलं चिंच लावून घासतील. पोरानं मागच्या बाजूला बफचं मशीन बसवलंय, त्यावर दहा-पंधरा मिनिटं धरला आणि आणून दिला, सोन्यासारखा लखलखीत. मी आधी खूश झाले पण. मग पोट फिरवून बघितलं तर नावातलं पुढचं 'सौ.' आणि शेवटचं 'कर' एवढंच उरलेलं, मधलं सगळं गेलेलं. पाकळ्यांच्या शिरा गेल्या, पाकळ्या सगळ्या उन्हात ठेवलेल्या मेणासारख्या. बफ म्हणजे घासणं नव्हे, तो वरचा थरच काढून टाकतो, आणि ठिपक्याची खोली असते केवढी?

पोरगा म्हणाला, "अक्का, चमकतंय की बगा." त्याची चूक म्हणावी तर त्याला तेच शिकवलंय, गिऱ्हाईक चमक मागतं. अण्णांनी खलबत्ता हातात घेतला, अंगठा फिरवला त्या जागेवरून आणि काही बोलले नाहीत. दोनशे रुपये परत दिले. मी आईला अजून सांगितलेलं नाही, तिला आता नीट दिसत नाही, ती हात फिरवते आणि म्हणते, "गुळगुळीत झालाय गे बराच." त्यामुळं पॉलिश सर्व्हिसला पाचपैकी शून्य, आणि मी अर्धा पण देणार नाही. घरी चिंच नाहीतर लिंबू-मीठ, दोन मिनिटं, लगेच धुऊन कोरडा पुसायचा, खाचेतलं काळं राहिलं तर राहूंदे, त्या काळ्यामुळंच नक्षी उठून दिसते.

तरी परत गेले, कारण जायला दुसरी जागा नाही.

पानाचे म्हणून तीन निघाले. एक सरळ नळकांडं, नवंच. एक सुंदर पण बुडाला भोक पडून डाग दिलेला. तिसरा वीतभर उंच, अंगावर तीन कंगोरे, काठाखाली एक वेल, वेलीला दर दोन बोटांवर एक पान, आणि ती वेल जिथून सुरू झाली तिथं परत येताना जागा कमी पडलेली म्हणून शेवटचं पान अर्धंच कोरलेलं. त्या अर्ध्या पानावर मी खल्लास. ओताऱ्याला किंवा ज्यानं छिन्नी धरली त्याला मोजता आलं नाही, किंवा संध्याकाळ झाली असेल आणि घरी जायचं असेल. उलटा केला तर बुडावर ठिपक्यांत बाईचं नाव (आडनाव लिहीत नाही, त्यांच्या घरचे कोणी वाचत असतील), शहापूर, शके १८४९. म्हणजे १९२७. तेव्हा शहापूर बेळगावात नव्हतं, सांगली संस्थानात होतं, आता खडे बाजारातून चालत गेलं तरी कळत नाही एक गाव कुठं संपलं ते.

वजन १ किलो ४०० ग्रॅम, अण्णांनी १८०० सांगितले, मी १४०० म्हटले, १५०० ला तुटलं. नक्षीचा नग वजनावर देत नाहीत, नगावर देतात, तिथं घासाघीस चालते. साध्या पितळेला किलोचा भाव ठरलेला, तिथं तोंड वाजवून उपयोग नाही. फोनवरून पैसे घेतात. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून देतात. पोरगा सवयीनं खलबत्ता घेऊन मागं वळला, तशी मी एवढ्या जोरात "ए, मशीनजवळ नेऊ नको!" म्हणून ओरडले की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. शेवटी खाली कानडी पेपर, वर मराठी पेपर, असा गुंडाळून दिला.

औषधवाली म्हणून एक सांगते, जुन्या पितळेत शिसं असू शकतं, ओतायला आणि कातायला सोपं जावं म्हणून घालतात. त्यामुळं असल्या खलबत्त्यात चिंच, कोकम, टोमॅटो घालून चटणी वाटू नका आणि काहीही रात्रभर ठेवू नका. कोरडं कुटायचं आणि लगेच काढायचं. आणि कल्हई करून घेऊ का असं विचारू नका, पहिल्या आठवड्यात कुटून कुटून ती पोटात जाईल. आणल्यावर मूठभर जाडे तांदूळ तीनदा कुटून टाकून दिले, तिसऱ्या वेळी पांढरे निघाले, मगच वापरायला काढला.

आता मला वाटत होतं मी सगळं बघून आणलं. आतला झिजलेला तळ बघितला, वेल बघितली, नाव वाचलं. घरी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी सुपारी टाकली, दोन घाव घातले आणि थांबल्या.

"ह्यो बत्ता ह्याचा न्हवं गे."

म्हटलं, कशावरून? दोन्ही पितळेचे, दोन्ही जुने.

"आवाज बग की. खल एक बोलतोय, बत्ता दुसरंच बोलतोय."

मी बत्ता आत धरून बघितला तर खरंच, तळाची झीज गोलट आणि बत्त्याचं टोक चपटं, कडेनं सुपारी निसटायची. अकरा खलबत्ते जमवलेल्या बाईला हे कळलं नाही. शनिवारी परत बेळगाव. अण्णांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही, म्हणाले माल गोणीतनं येतो, जोड्या मोडतात, आणि आतून एक पोतं ओढून आणलं, त्यात नुसते बत्ते, तीस-चाळीस तरी असतील, खल गेले कुठं देव जाणे. मग आम्ही दोघं बसलो. ते एकेक बत्ता उचलायचे, खलात टाकायचे, एक ठोका, मान हलवायचे, बाजूला. आठवा की नववा होता, आखूड, काळा, वरची कमळकळी अर्धी तुटलेली. त्याचं टोक तळात असं बसलं की मधी कागद जाणार नाही. वाजला पण वेगळा, धप्प असा, जमिनीतून आल्यासारखा. हा त्याच खलाचा असेलच असं मी म्हणणार नाही, पण बसला.

पन्नास रुपये जास्त घेतले. आधीचा चपट्या टोकाचा पोत्यात गेला.

सासूबाईंनी नवीन बत्ता हातात घेतला, तुटक्या कळीवरून बोट फिरवलं, एक घाव घातला आणि विचारलं, "सुपारी कुठं ठेवलीस?"